लू गेरिग

हेन्री लुई गेरिग (१९ जून १९०३ – २ जून १९४१) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ख्यातनाम अमेरिकन बेसबॉलपटू होते. लू गेरिग या नावाने ते ओळखले जातात. न्यू यॉर्क यांकीज या संघाकडून १९२३ ते १९३९ या काळात ते खेळले. पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षक आणि डावखुरे फलंदाज म्हणून त्यांची गणना या खेळाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत होते. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत त्यांनी एकही सामना न चुकवता सलग २,१३० सामने खेळले. हा विक्रम त्यानंतर ५६ वर्षे अबाधित राहिला. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांना अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (ए.एल.एस.) हा चेतासंस्थेचा असाध्य आजार झाल्याचे निदान झाले. अमेरिकेत हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

गेरिग हे कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्या काळी व्यावसायिक बेसबॉलमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी तुलनेने कमी असत. शिक्षण आणि खेळ यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ गेरिग यांच्यावर घरच्या गरिबीमुळे आली. त्यामुळे विद्यापीठाच्या मैदानापासून यांकीजच्या संघापर्यंतचा त्यांचा प्रवास हा त्यांच्या चरित्राचा महत्त्वाचा भाग ठरतो.

खेळातील काही संज्ञा

बेसबॉलमध्ये चार बेस असलेल्या चौकोनी मैदानावर फलंदाज चेंडू टोलवून एकेक बेस गाठत धाव पूर्ण करतो. चेंडू मैदानाच्या हद्दीबाहेर टोलवल्यास फलंदाज चारही बेस फिरून येतो. त्यास होम रन म्हणतात. तिन्ही बेसवर सहकारी उभे असताना होम रन मारल्यास एकाच फटक्यात चार धावा मिळतात. त्यास ग्रँड स्लॅम अशी संज्ञा आहे. चेंडू टाकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात.

फलंदाजीची सरासरी क्रिकेटप्रमाणे धावांवरून काढली जात नाही. फलंदाजीच्या अधिकृत संधींपैकी किती वेळा फलंदाजाने यशस्वी फटका मारून बेस गाठला, त्याचे प्रमाण म्हणजे त्याची सरासरी. दहा संधींपैकी तीन वेळा यशस्वी होणारा, म्हणजे ०.३०० सरासरीचा फलंदाज उत्तम मानला जातो. फलंदाजाच्या फटक्यामुळे संघाला ज्या धावा मिळतात, त्यांचीही स्वतंत्र नोंद ठेवली जाते.

जन्म व बालपण

गेरिग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील मॅनहॅटन भागातल्या यॉर्कव्हिल या वस्तीत झाला. त्या वेळी तेथे जर्मन स्थलांतरितांची मोठी वसाहत होती. त्यांचे वडील हाइनरिख आणि आई क्रिस्टिना हे दोघेही जर्मनीतून अमेरिकेत आले होते. या दांपत्याला चार अपत्ये झाली. त्यांपैकी लू हे एकटेच जगले, उरलेली तिन्ही भावंडे लहानपणीच दगावली.

वडील पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. आजारपण आणि मद्यपान यांमुळे त्यांचे काम वारंवार सुटत असे. घरखर्चाचा भार प्रामुख्याने आईवर होता. ती लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक आणि कपड्यांना इस्त्री करण्याची कामे करीत असे. धुतलेले कपडे घरोघर पोहोचवण्यासारख्या कामांत लहानगे लू आईला मदत करीत. आपल्या एकुलत्या मुलाने उत्तम शिक्षण घेऊन अभियंता व्हावे, अशी आईची तीव्र इच्छा होती. चेंडूफळीच्या खेळातून कोणाचे पोट भरू शकते, ही कल्पना तिला मान्य नव्हती.

शालेय जीवन

न्यू यॉर्कमधील हायस्कूल ऑफ कॉमर्स या शाळेत गेरिग यांचे शिक्षण झाले. धिप्पाड बांध्याचा आणि लाजाळू स्वभावाचा हा मुलगा शाळेच्या बेसबॉल व फुटबॉल (अमेरिकन पद्धतीच्या) संघांत चमकू लागला. १९२० मध्ये त्यांच्या शाळेच्या संघाला न्यू यॉर्क शहराचा प्रतिनिधी म्हणून शिकागो येथील लेन टेक या शाळेच्या संघाशी खेळण्याची संधी मिळाली. २६ जून १९२० रोजी हा सामना शिकागोच्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर झाला. हेच मैदान पुढे रिग्ली फील्ड या नावाने प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. नवव्या व अखेरच्या डावात गेरिग यांचा संघ ८–६ असा आघाडीवर असताना तिन्ही बेसवर सहकारी उभे होते. अशा वेळी १७ वर्षांच्या गेरिग यांनी चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवला. सामना १२–६ असा जिंकला गेला आणि या शाळकरी मुलाचे नाव प्रथमच वृत्तपत्रांत झळकले.

कोलंबिया विद्यापीठात प्रवेश आणि बंदी

१९२१ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर गेरिग यांना कोलंबिया विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यावयाचे, असे ठरले होते. गेरिग यांची आई याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका निवासगृहात स्वयंपाकाचे काम करीत होती.

महाविद्यालयीन खेळ हा सर्वस्वी हौशी असला पाहिजे, असा तत्कालीन दंडक होता. खेळण्याबद्दल ज्याने पैसे घेतले असतील, त्याला विद्यापीठाच्या संघातून खेळता येत नसे. तथापि उन्हाळ्याच्या सुटीत टोपणनावाने व्यावसायिक सामने खेळून चार पैसे मिळवण्याची प्रथा विद्यार्थ्यांत छुप्या रीतीने रूढ होती. कोलंबियाचेच एक माजी विद्यार्थी एडी कॉलिन्स हे १९०६ मध्ये सलिव्हन या नावाने फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडून खेळले होते आणि त्यामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळण्याचा हक्क गमावून बसले होते. पुढे ते या खेळाचे अत्यंत नामवंत खेळाडू झाले.

महाविद्यालयाचे पहिले सत्र सुरू होण्यापूर्वी, १९२१ च्या उन्हाळ्यात गेरिग यांनी हीच वाट धरली. ईस्टर्न लीग या दुय्यम स्पर्धेतील हार्टफर्ड सेनेटर्स या संघाकडून ते लुईस या आडनावाने १२ सामने खेळले. न्यू यॉर्क जायंट्स संघाचे प्रसिद्ध व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनी त्यांना हा सल्ला दिला, असे सांगितले जाते. टोपणनावाने खेळण्यात काही गैर नाही, अशी या अननुभवी तरुणाची समजूत करून देण्यात आली होती.

ही गोष्ट फार काळ लपून राहिली नाही. कोलंबियाचे बेसबॉल प्रशिक्षक अँडी कोकली यांच्या ती कानावर आली. गेरिग यांना पहिले संपूर्ण वर्ष कोणत्याही आंतरमहाविद्यालयीन खेळात भाग घेण्यास मनाई करण्यात आली. नियम काटेकोरपणे लावला असता तर त्यांचे महाविद्यालयीन खेळणे कायमचेच संपले असते. विद्यापीठाच्या बाजूने रदबदली झाल्यामुळे शिक्षा एका वर्षावर निभावली. कोकली हे स्वतः विद्यार्थिदशेत, १९०२ मध्ये, जॅक मॅकॲलिस्टर या खोट्या नावाने फिलाडेल्फियाच्या संघाकडून व्यावसायिक सामने खेळले होते. हा नियम मोडणारे विद्यार्थी त्या पिढीत किती होते, हे यावरून ध्यानात येते.

१९२३ चा हंगाम

बंदीची मुदत संपल्यावर १९२२ मध्ये गेरिग विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले. १९२३ च्या वसंत ऋतूत ते बेसबॉल संघात दाखल झाले. पिचर आणि पहिल्या बेसवरील क्षेत्ररक्षक अशी दुहेरी जबाबदारी ते सांभाळत. १८ एप्रिल १९२३ रोजी विद्यापीठाच्या साउथ फील्ड या मैदानावर विल्यम्स कॉलेजविरुद्ध त्यांनी १७ फलंदाजांना बाद केले. हा कोलंबियाच्या संघाचा विक्रम होता. असे असूनही कोलंबियाचा संघ तो सामना हरला. योगायोग असा की त्याच दिवशी त्याच शहरात यांकी स्टेडियमचे उद्घाटन होत होते. तेथे प्रचंड जनसमुदायासमोर बेब रूथ यांनी होम रन मारून नव्या मैदानाचा शुभारंभ केला. इकडे विद्यापीठाच्या मैदानावर मूठभर विद्यार्थी तेवढे प्रेक्षक होते.

यांकीज संघासाठी नवे खेळाडू हेरण्याचे काम पॉल क्रिचेल करीत असत. त्या वसंत ऋतूत गेरिग यांचा खेळ पाहताना क्रिचेल यांचे लक्ष त्यांच्या चेंडूफेकीपेक्षा फलंदाजीकडे वेधले गेले. साउथ फील्डवरून त्यांनी टोलवलेले चेंडू विद्यापीठाच्या इमारतींच्या दिशेने आणि बाहेरच्या रस्त्यापर्यंत जात. त्या हंगामात गेरिग यांची फलंदाजीची सरासरी ०.४४४ होती आणि त्यांनी सात होम रन मारले. आपल्या हाती दुसरे बेब रूथ लागले आहेत, अशी क्रिचेल यांची खात्री झाली.

यांकीज संघाने करारापोटी १,५०० डॉलरची रक्कम देऊ केली. याच सुमारास गेरिग यांच्या घरची परिस्थिती बिकट झाली होती. आईवडिलांच्या आजारपणामुळे खर्च वाढला होता आणि मिळकत अनिश्चित होती. एवढी रक्कम एकरकमी मिळणे ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. मुलाने पदवी पूर्ण करावी, असे आईला वाटत असले तरी गेरिग यांनी करारावर सही केली. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर, पदवी न घेताच, त्यांनी विद्यापीठ सोडले.

हार्टफर्ड येथील उमेदवारी

१५ जून १९२३ रोजी, विसावा वाढदिवस चार दिवसांवर आला असताना, गेरिग यांनी यांकीजकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. तथापि बेब रूथ यांच्यासारख्या खेळाडूंनी भरलेल्या त्या संघात नवख्या मुलास लगेच जागा मिळणे शक्य नव्हते. पहिल्या बेसवर वॉली पिप हे अनुभवी खेळाडू स्थिरावलेले होते. सराव मिळावा म्हणून व्यवस्थापक मिलर हगिन्स यांनी गेरिग यांना हार्टफर्डला धाडले. दोन वर्षांपूर्वी ज्या संघातून ते खोट्या नावाने खेळले होते, त्याच संघात आता ते स्वतःच्या नावाने उतरले.

तेथील सुरुवात निराशाजनक झाली. काही आठवडे फटके जमेनात आणि त्यांचा आत्मविश्वास ढासळला. पुढे मात्र त्यांना सूर सापडला. ५९ सामन्यांत २४ होम रन आणि ०.३०४ सरासरी, अशी त्यांची त्या वर्षीची कामगिरी झाली. १९२४ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम त्यांनी हार्टफर्डलाच काढला आणि ०.३६९ सरासरीने ३७ होम रन मारले. दोन्ही वर्षी हंगामाच्या अखेरीस त्यांना यांकीजमध्ये बोलावण्यात आले. त्या थोड्या सामन्यांतही त्यांची फलंदाजी लक्षणीय झाली. गुणवत्ता सिद्ध होऊनही नियमित जागेसाठी त्यांना सुमारे दोन वर्षे थांबावे लागले.

नियमित खेळाडू

१९२५ च्या हंगामात यांकीजचा संघ सातत्याने हरत होता. १ जून रोजी पी वी वॅनिंजर यांच्या जागी गेरिग यांना बदली फलंदाज म्हणून पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २ जून १९२५ रोजी, हगिन्स यांनी वॉली पिप यांना वगळून पहिल्या बेसवर गेरिग यांना उभे केले. पिप यांनी डोके दुखत असल्यामुळे सुटी मागितली आणि त्यांची जागा कायमची गेली, अशी कथा पुढे लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात त्या दिवशी हगिन्स यांनी संघात एकाच वेळी अनेक बदल केले होते. पिप यांची फलंदाजी काही काळापासून घसरलेली होती, हेच त्यामागचे मुख्य कारण होते. पिप पुढील हंगामापूर्वी सिनसिनाटीच्या संघात गेले.

आणखी एक योगायोग येथे नोंदण्याजोगा आहे. त्या वेळी सलग सामन्यांचा विक्रम यांकीजच्याच एव्हरेट स्कॉट यांच्या नावावर होता. महिनाभरापूर्वी स्कॉट यांना वगळून त्यांची १,३०७ सामन्यांची मालिका खंडित करण्यात आली, तेव्हा त्यांच्या जागी आलेले खेळाडू हेच वॅनिंजर होते.

कारकिर्दीचा बहर

१९२६ पासून गेरिग संघाचे आधारस्तंभ बनले. फलंदाजीच्या क्रमात तिसऱ्या स्थानी बेब रूथ आणि चौथ्या स्थानी गेरिग अशी जोडी जमली. पाठीवर क्रमांक लावण्याची पद्धत १९२९ मध्ये संघात सुरू झाली, तेव्हा याच क्रमामुळे गेरिग यांना ४ हा क्रमांक मिळाला.

१९२७ चा यांकीजचा संघ बेसबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम संघांपैकी एक मानला जातो. त्या वर्षी संघाने ११० सामने जिंकले. गेरिग यांनी ०.३७३ सरासरीने ४७ होम रन मारले आणि अमेरिकन लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब मिळवला. परंतु त्याच वर्षी रूथ यांनी ६० होम रनचा विक्रम केल्यामुळे लोकांच्या तोंडी रूथ यांचेच नाव राहिले. १९२८ च्या जागतिक मालिकेत यांकीजने सेंट लुईसचा चारही सामन्यांत पराभव केला. त्या मालिकेत गेरिग यांची सरासरी ०.५४५ होती आणि त्यांनी चार होम रन मारले. १९३१ मध्ये त्यांच्या फटक्यांमुळे संघाला १८५ धावा मिळाल्या. अमेरिकन लीगमध्ये एका हंगामातील हा विक्रम अद्याप मोडला गेलेला नाही.

प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र दैव त्यांना अनेकदा हुलकावणी देत असे. ३ जून १९३२ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन मारले. विसाव्या शतकात असा पराक्रम करणारे ते मेजर लीगमधील पहिले खेळाडू होते. त्याच दिवशी जॉन मॅग्रॉ यांनी जायंट्सच्या व्यवस्थापकपदावरून निवृत्ती जाहीर केली आणि वृत्तपत्रांतील ठळक मथळे त्या बातमीने व्यापले. १९३४ मध्ये सरासरी (०.३६३), होम रन (४९) आणि मिळवून दिलेल्या धावा (१६६) या तिन्ही बाबतींत गेरिग लीगमध्ये प्रथम आले. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब डेट्रॉइटचे मिकी कॉक्रेन यांना देण्यात आला. हा किताब गेरिग यांना दुसऱ्यांदा १९३६ मध्ये मिळाला.

१९३४ च्या अखेरीस अमेरिकन खेळाडूंचा संघ जपानच्या दौऱ्यावर गेला, त्यात रूथ यांच्यासह गेरिगही होते. शिझुओका येथील सामन्यात एजी सावामुरा या किशोरवयीन जपानी पिचरने अमेरिकेच्या दिग्गजांना एकामागून एक बाद केले. तो सामना अमेरिकन संघाने १–० असा जिंकला. ती एकमेव धाव गेरिग यांच्या होम रनमधून आली होती.

सलग सामन्यांचा विक्रम

१७ ऑगस्ट १९३३ रोजी सेंट लुईस येथे गेरिग यांनी स्कॉट यांचा विक्रम मागे टाकला. ताप, पाठदुखी, बोटांची हाडे मोडणे, डोक्याला चेंडू लागणे अशा अनेक अडचणी येऊनही ते मैदानात उतरत राहिले. जून १९३४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात चेंडू डोक्यावर आदळून ते बेशुद्ध पडले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खेळले. त्याच वर्षी जुलैमध्ये कंबर धरल्यामुळे उभे राहणेही कठीण झाले असता, मालिका तुटू नये म्हणून त्यांना फलंदाजीच्या क्रमात सर्वांत वर घालण्यात आले आणि एक फटका मारून ते परत फिरले. अशा प्रसंगांमुळे या विक्रमाला काही अंशी कृत्रिमता आली, असे मत काही जण मांडतात. परंतु ते अपवादात्मक प्रसंग होते. पुढे त्यांच्या हातांची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा वेळोवेळी मोडून आपोआप सांधलेल्या हाडांच्या अनेक खुणा आढळल्या, असे सांगतात.

कौटुंबिक जीवन

तिशीपर्यंत गेरिग आईवडिलांसोबतच राहत होते. मिळकतीतून त्यांनी आईवडिलांसाठी घर घेतले आणि आईचे कष्ट थांबवले. सप्टेंबर १९३३ मध्ये शिकागोच्या एलेनॉर ट्विचेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आईची या विवाहाला नापसंती होती आणि सासूसुनांचे संबंध पुढेही फारसे सुरळीत राहिले नाहीत. गेरिग दांपत्याला अपत्य नव्हते. १९३५ मध्ये गेरिग यांची यांकीजच्या कर्णधारपदी नेमणूक झाली. १९३८ मध्ये त्यांचे वार्षिक मानधन ३९,००० डॉलर होते आणि तेच त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक ठरले. रूथ यांना १९३० मध्ये ८०,००० डॉलर मिळत होते.

आजाराची चाहूल

१९३८ च्या हंगामाच्या उत्तरार्धात गेरिग यांना विनाकारण थकवा जाणवू लागला. त्या वर्षी त्यांनी २९ होम रन मारले आणि त्यांची सरासरी ०.२९५ होती. सामान्य खेळाडूच्या दृष्टीने ही कामगिरी चांगली होती, पण गेरिग यांच्या मानाने ती घसरण होती. १९३९ च्या सरावशिबिरात ते अडखळून पडू लागले. चेंडूवर बॅट लागली तरी फटक्यात जोर राहिला नव्हता. हंगामाच्या पहिल्या आठ सामन्यांत २८ संधींपैकी केवळ चार वेळा ते यशस्वी ठरले. एका सामन्यात त्यांनी अगदी साधा झेल-फेकीचा प्रसंग निभावला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचे जरा जास्तच कौतुक केले. सहकारी आपल्याला सांभाळून घेत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले.

२ मे १९३९ रोजी डेट्रॉइट येथे सामना सुरू होण्यापूर्वी त्यांनी व्यवस्थापक जो मॅकार्थी यांना आपणास वगळण्याची स्वतःहून विनंती केली. चौदा वर्षे त्यांना कोणी वगळले नव्हते आणि मॅकार्थी स्वतः तसे करण्यास धजावत नव्हते. कर्णधार या नात्याने गेरिग यांनीच खेळाडूंची यादी पंचांकडे नेऊन दिली. तिच्यात त्यांच्या जागी बेब डालग्रेन यांचे नाव होते. ही घोषणा झाल्यावर डेट्रॉइटच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. यांकीजने तो सामना २२–२ असा जिंकला.

जून महिन्यात मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये त्यांची तपासणी झाली. १९ जून रोजी, त्यांच्या ३६ व्या वाढदिवशी, ए.एल.एस.चे निदान निश्चित झाले. या आजारात स्नायूंना आज्ञा पोहोचवणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात, त्यामुळे हालचाल, बोलणे, गिळणे आणि अखेर श्वसन यांवर परिणाम होतो. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते. फ्रेंच वैद्य झाँ-मार्टीन शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात या आजाराचे वर्णन केले होते. पुढच्या काळात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना याच आजाराचा एक संथ गतीने वाढणारा प्रकार झाला होता.

निरोपाचा दिवस

४ जुलै १९३९ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, यांकी स्टेडियममध्ये दोन सामन्यांच्या मध्यंतरात गेरिग यांचा सत्कार झाला. ६१,८०८ प्रेक्षक उपस्थित होते. १९२७ च्या संघातील त्यांचे जुने सहकारी आवर्जून आले होते. शहराचे महापौर फिओरेलो ला गार्डिया आणि इतर मान्यवरांची भाषणे झाली. भेटवस्तूंचे वजन हाताला पेलेनासे झाल्यामुळे गेरिग त्या जमिनीवर ठेवीत होते. यांकीजने त्यांचा ४ हा क्रमांक यापुढे कोणालाही न देण्याचे जाहीर केले. मेजर लीगमध्ये असा मान मिळालेले ते पहिले खेळाडू होत.

प्रारंभी त्यांना बोलणे अवघड गेले. नंतर त्यांनी हाती कागद न घेता एक छोटे भाषण केले. आजाराचा उल्लेख त्यांनी ओझरताच केला आणि आपण भाग्यवान असल्याची भावना व्यक्त केली. व्यवस्थापक, सहकारी, मैदानाची निगा राखणारे कर्मचारी, पत्नी आणि सासू यांचे त्यांनी ऋण मानले. आपल्याला शिक्षण मिळावे म्हणून आयुष्यभर राबलेल्या आईवडिलांचाही त्यांनी कृतज्ञतेने उल्लेख केला. भाषण संपल्यावर बेब रूथ यांनी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. त्यापूर्वी काही वर्षे या दोघांत अबोला होता. हे भाषण अमेरिकेच्या क्रीडाजगतातील सर्वाधिक स्मरणात राहिलेले भाषण मानले जाते.

अखेरची वर्षे व निधन

डिसेंबर १९३९ मध्ये प्रचलित नियम बाजूला ठेवून, विशेष निवडीद्वारे गेरिग यांचा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. महापौर ला गार्डिया यांनी त्यांची न्यू यॉर्क शहराच्या पॅरोल आयोगावर नियुक्ती केली. कैद्यांना मुदतीपूर्वी सशर्त मुक्त करावे की नाही, याचा निर्णय हा आयोग घेत असे. अधिक पैसा देणारे अन्य प्रस्ताव नाकारून गेरिग यांनी हे पद पत्करले. जानेवारी १९४० पासून ते नियमाने कार्यालयात जाऊ लागले. तुरुंगांना भेटी देताना त्यांची प्रसिद्धी होऊ नये, याची ते दक्षता घेत. पुढे हात चालेनासे झाले, तेव्हा कागदपत्रांवर सही करताना एलेनॉर त्यांच्या हाताला आधार देत. मृत्यूपूर्वी सुमारे महिनाभर आधी त्यांनी पद सोडले.

२ जून १९४१ रोजी न्यू यॉर्कमधील रिव्हरडेल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वॉली पिप यांच्या जागी ते प्रथम उभे राहिले, त्या दिवसाला त्या तारखेस बरोबर सोळा वर्षे पूर्ण होत होती. त्यांच्या पार्थिवावर दहनसंस्कार करण्यात आले आणि रक्षा न्यू यॉर्क राज्यातील केन्सिको दफनभूमीत ठेवण्यात आली. आईवडील दोघेही त्यांच्या निधनसमयी हयात होते. एलेनॉर यांनी पुनर्विवाह केला नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

कारकिर्दीची आकडेवारी

सामने : २,१६४
फलंदाजीची सरासरी : ०.३४०
यशस्वी फटके : २,७२१
होम रन : ४९३
ग्रँड स्लॅम : २३
मिळवून दिलेल्या धावा : १,९९५
जागतिक मालिकेत खेळून मिळवलेली विजेतेपदे : ६ (१९२७, १९२८, १९३२, १९३६, १९३७, १९३८)

स्मृती व प्रभाव

१९४२ मध्ये गेरिग यांच्या जीवनावर द प्राइड ऑफ द यांकीज हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात गॅरी कूपर यांनी गेरिग यांची, तर बेब रूथ यांनी स्वतःचीच भूमिका केली. फाय डेल्टा थीटा या विद्यार्थी संघटनेचे गेरिग कोलंबियात असताना सदस्य होते. या संघटनेतर्फे १९५५ पासून लू गेरिग स्मृती पुरस्कार दिला जातो. सलग सामन्यांचा त्यांचा विक्रम ६ सप्टेंबर १९९५ रोजी बाल्टिमोरचे कॅल रिपकेन यांनी मोडला. त्यांचा २३ ग्रँड स्लॅमचा विक्रम २०१३ पर्यंत टिकला. २०२१ पासून मेजर लीगमध्ये दरवर्षी २ जून हा लू गेरिग दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने ए.एल.एस.विषयी जनजागृती व संशोधनासाठी निधिसंकलन केले जाते.

कोलंबिया विद्यापीठाची पदवी गेरिग यांना मिळाली नाही. तरीही विद्यापीठाच्या क्रीडा इतिहासात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ज्या साउथ फील्डवर ते खेळले, ती जागा आज विद्यापीठाच्या आवाराच्या मध्यभागी आहे. तेथे आता बेसबॉलचे सामने होत नाहीत.